दगडूचाचांची झडती

आमच्या चाळीत यायचं असेल तर आधी झडती द्यावी लागते. मी कुणी मंत्रीबिंत्री नाही बरं का, ब्लाउज शिवते. बेगडेवाडी स्टेशनच्या अलीकडे रुळांना धरून आमची पत्र्याची चाळ आहे आणि तिच्या तोंडाशी घडीची खुर्ची टाकून दगडूचाचा मुलाणी बसलेले असतात. तुम्ही दिसलात की ते उठणार, हात आडवा धरणार आणि विचारणार, "माचिस? लायटर? मोबाईल?"

असेल ते काढून त्यांच्याजवळच्या चपलांच्या खोक्यात ठेवायचं. मग ते तुम्हाला कॅरमची एक सोंगटी देणार. जाताना सोंगटी परत करायची आणि आपली वस्तू न्यायची. नवीन माणसाला वाटतं म्हातारा येडा आहे. जुन्या माणसांनाही तसंच वाटतं, पण ते गुपचूप सोंगटी घेतात.

त्याचं काय आहे, चाचांचा जन्म गेला देहूरोडला, लष्कराच्या डेपोच्या गेटवर. आत दारूगोळा. त्यामुळे साहेब असो की झाडूवाला, खिशातली काडेपेटी गेटवर काढून द्यायची, बिल्ला घ्यायचा आणि मगच आत जायचं. चाचा रिटायर झाले, पण गेट काही त्यांच्या अंगातून उतरलं नाही. "वैनी," ते मला सांगायचे, "आग दिसली म्हंजे उशीर झाला. आग खिशात असती तवाच धरायची असती." मी म्हणायची, "चाचा, आपल्या चाळीत पेटण्यासारखं आहे काय? माझ्या चिंध्या?" तर म्हणायचे, "चिंध्याच आदी पेटत्यात."

माझ्या पूनमच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. नवरदेव मुंडावळ्या बांधून, सुरवार सावरत चाळीच्या तोंडाशी उतरला, मागे बँड, आणि चाचांचा हात आडवा. "मोबाईल?" जावई बिचारा गरीब. त्याने मोबाईल दिला, सोंगटी घेतली. लग्नाचे फोटो बघा, सगळ्या फोटोंत त्याची डावी मूठ आवळलेली आहे. विहीणबाई अजून मला ऐकवतात. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, बँडवाल्याच्या पिपाणीत विडी सापडली म्हणून वरात अर्धा तास अडकली होती!

पण आमचे हे असताना चाचांना कुणी काही बोललं की यांना खपायचं नाही. दोघांची संध्याकाळची बैठक ठरलेली. हे गेले, तेव्हापासून चाचा मला भाजी आणून देतात, शिलाई मशीनचा पट्टा बदलून देतात, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाहीत. चहासुद्धा बाहेर उभ्यानेच घेतात. चाची होत्या तेव्हाही हे असंच होतं. कुणाच्या घरात शिरायचं म्हटलं की त्यांना काहीतरी काम आठवतं.

त्यांच्या नावाचीही एक गोष्ट आहे. त्यांच्या आधीची भावंडं जगत नव्हती, म्हणून आईने यांचं नाव दगडू ठेवलं. "दगडाला कोन न्हेतंय?" चाचा हसून सांगायचे. "यम दारात आला, नाव इचारलं, दगडू म्हनल्यावर कपाळाला हात लावून माघारी ग्येला."

तर पूनम बाळंतपणाला माहेरी आली आणि मुलगी झाली. दवाखान्यातून बाळ घरी आणलं. चाचांनी रिक्षावाल्याची काडेपेटी जमा करून घेतली, लांबूनच दुपट्याकडे बघितलं आणि विचारलं, "नाव काय ठिवनार?"

"ते बारशाला, आत्या ठेवेल ते," मी म्हटलं.

"धोंडी ठिवा."

पूनमचं तोंड बघण्यासारखं झालं. तिने मोबाईलवर नावं शोधून शोधून पोरगी पोटात असतानाच यादी केलेली, आणि हे म्हणे धोंडी! पण चाचांनी तेच धरलं. रोज सकाळी खुर्चीतून हाक, "धोंडी उटली का? धोंडीनं दूध घेतलं का?" पूनम आतून खिडकी आपटायची. "आई, त्यांना सांग हं! माझ्या मुलीला धोंडी म्हणायचं नाही." मी सांगितलं. चाचा म्हणाले, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "धोंडी उटली का?"

बाळ जेमतेम सव्वा महिन्याचं असेल. पूनमचं अंग मोडून आलं. आधी वाटलं जागरण. मग कणकण, मग खोकला, मग सणसणून ताप. तळेगावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून फ्लू सांगितला. मी घाबरून विचारलं, बाळाचं दूध तोडायचं का? पण बाई शांत होत्या. त्यांनी समजावून सांगितलं. दूध तोडायचं नाही, आईच्या दुधाचा बाळाला आधारच असतो. पाजताना मास्क, आधी साबणाने हात, आणि पाजून झालं की बाळ लगेच आजीकडे. एरवी आई वेगळ्या खोलीत. खिडक्या उघड्या, पाहुणे बंद, मुके बंद. "आणि बाळाचं अंग नुसतं गरम लागलं, किंवा ते दूध ओढेना, तर घरी बघत बसायचं नाही. उचलून इकडे आणायचं."

मी हे सगळं चाळीच्या तोंडाशी चाचांना सांगितलं. मला वाटलं आता हे काहीतरी विनोद करणार. त्यांनी काही केला नाही. खुर्ची घडी केली, काखेत मारली आणि आणून आमच्या दारासमोर, खिडकीला लागून मांडली.

"आजपास्नं गेट हितं," म्हणाले.

आमच्या दोनच खोल्या. मागच्या खोलीत पूनम, पुढच्या खोलीत मशीनशेजारी झोळीत बाळ आणि मी. चाचांनी सगळ्या सोंगट्या काढून टाकल्या आणि एकच ठेवली, लाल राणी. ज्याच्या हातात लाल, त्यानेच बाळापाशी जायचं. मला ती कायमची दिलेली. पूनमला पाजायचं असलं की तिने मधल्या दारात उभं राहून हात दाखवायचे. कोपरापर्यंत ओले आहेत का, मास्क नाकाच्या वर आहे का, हे खिडकीतून बघून चाचा म्हणायचे, "वैनी, लाल द्या तिला." पाजताना मात्र ते खुर्ची फिरवून रुळाकडे तोंड करून बसायचे. झालं की पूनमने लाल सोंगटी माझ्या हातात ठेवायची आणि आत जायचं. सोंगटीही साबणाने धुवायची, नाहीतर बाहेरून ओरड.

मी एकदा शेगडी पेटवायला घेतली, ओवा-शेपाच्या धुरीला. बाळंतिणीला नको का शेक? चाचा खुर्चीवरून उडालेच. "धूर? हितं? लेकराच्या छातीत धूर?" मीही फटकळ, ऐकते की काय! "दोन बाळंतपणं मी याच शेगडीवर काढलीत," म्हटलं, "तुम्ही काय बाळंतपणं केलीत?" शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, धूर नको. मी शेगडी विझवली आणि चाचांशी दिवसभर बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसावं, कारण ते येणाऱ्या-जाणाऱ्यांची नाकं तपासण्यात गर्क होते.

हो, नाकं! आता माचिस कोण विचारतो? "नाक वडून दावा." दूधवाल्याला नाक ओढायला लावलं. गॅसवाल्याला लावलं. मत मागायला एक भावी नगरसेवक आठ-दहा पोरं घेऊन आला, तर सगळ्यांना ओळीत उभं करून नाकं ओढायला लावली. एकाचं नाक वाजलं, तशी अख्खी ओळ मागे फिरवली. लोक मला विचारायचे, "काय हो ताई, हे काय चाललंय?" मी म्हणायची, "मला काय विचारता, गेटवर विचारा."

एका दुपारी पूनम पाजायला बसली होती. मास्क, डोक्याला रुमाल, नुसते डोळे उघडे. बाळ नुकतंच हसायला शिकलं होतं. माझ्याकडे बघून हसायचं, झोळीच्या दोरीकडे बघून हसायचं. त्या दिवशी पूनमकडे टकामका बघत राहिलं आणि हसलं नाही. पूनमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "आई, ही मला ओळखतच नाही गं. माझं तोंडच दिसत नाही हिला."

मीही पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात खिडकीबाहेरून, रुळाकडे तोंड केलेल्या खुर्चीतून आवाज आला, "डोळं दिसत्यात की. डोळ्यांनी हास, पोरी. तिला समदं कळतंय."

त्या दिवसापासून पूनमने खिडकी आपटणं बंद केलं.

आणि मग आमच्या वन्सं आल्या, कामशेतहून. हातात झबलं-टोपडं, हिरव्या बांगड्या, आणि नाकाला रुमाल. चाचांनी हात आडवा धरला. "नाक वडा."

"अगं बाई! मी काय चोर हाय व्हय? माझ्या भावाची नात हाय ती!"

"वडा."

ओढलं. सूं करून वाजलं. चाचा म्हणाले, "माघारी जा. आठ दिसांनी या."

वन्सं तणतणत गेल्या. मला वाटलं, गेल्या. पण बाई रुळाच्या कडेकडेने चाळीला वळसा घालून मागल्या दाराने आत शिरल्या. पूनम तापाने गुंगीत होती, मी मोरीत हात धूत होते. बाहेर येऊन बघते तो वन्संनी बाळ झोळीतून उचललेलं आणि पटापटा मुके चाललेले. "नुसती सर्दी तर हाय गं, माया केल्यानं कुनी मरतंय व्हय?"

खिडकीत चाचा उभे राहिले होते. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "खाली ठिवा तिला! ठिवा आदी!"

बाळ दचकून रडायला लागलं. वन्संनी ते माझ्याकडे दिलं आणि खिडकीकडे वळल्या. "सवताच्या घरात कदी पाळणा न्हाई हालला, आन् मला शिकवतोय! तुला काय कळतंय रं लेकराचं?"

चाचा खिडकीतून मागे झाले. खुर्ची घडी केली आणि आपल्या खोलीकडे गेले. माझा तोल सुटला. "वन्सं," म्हटलं, "झबलं ठेवा आणि निघा. मागल्याच दाराने निघा." लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. बरं वाटलं.

दोन दिवसांनी सकाळी बाळाला घेतलं तर अंग चटका बसेल असं गरम. तोंडात दूध जाईना. दुखणं पूनमकडून आलं की वन्संकडून, ते देवाला ठाऊक. मी दुपट्यात गुंडाळून धावत दारात आले, तर खुर्ची जागेवर होती आणि चाचाही होते. माझ्या तोंडाकडे बघून ते काही न विचारता रस्त्याकडे पळाले. या वयात! रिक्षा घेऊनच आले. आणि त्या घाईतसुद्धा त्यांनी रिक्षावाल्याला नाक ओढायला लावलं. मागे मी, पूनम आणि बाळ. पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धं अंग बाहेर काढून चाचा. तळेगाव येईपर्यंत एकदाही मागे वळून बघितलं नाही त्यांनी. सारखं एकच पुटपुटत होते, "धोंडी हाय ती. धोंडीला काय हुतंय. धोंडी हाय ती."

डॉक्टरीणबाईंनी बाळ लगेच आत घेतलं. सोबत पूनम. मी आणि चाचा बाहेर बाकावर. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून ते बसले. मग मीच म्हटलं, "चाचा, वन्सं बोलल्या ते मनावर घेऊ नका. तोंडाला फटकळ आहेत."

"खोटं बोलल्या त्या," चाचा म्हणाले. "लेकरू हुतं."

मी वळून बघितलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"देहूरोडला क्वार्टरात ऱ्हायचो तवा. रेश्मा. लय हौसंनं नाव ठिवलतं. आई म्हनली हुती, दगडी ठिव. मी म्हनलो, आमी काय अडानी हाय का आता? मी दिसलो की झेपच टाकायची अंगावर. येकदा लाइनीत तापाची साथ आलती. मला ड्युटीवरच हुडहुडी भरली. तसाच हुबा ऱ्हायलो. दिसभर समद्यांची खिसं तपासली, येक काडी आत जाऊ दिली न्हाई. आन् घरी ग्येलो. तिची आई म्हनली, अंग तापलंय तुमचं, जरा लांब ऱ्हावा. मी म्हनलो, बापाची काय बाधा हुती व्हय? आन् घ्येतली उचलून."

आत कुठलंतरी दुसरं मूल रडत होतं. ते आमचं नव्हतं.

"आटवडा न्हाई निघाला, वैनी. चाची कदीच बोलली न्हाई मला. मरस्तवर न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं." मग हाताने नाक पुसून म्हणाले, "समद्या डेपोची झडती मी घ्येत हुतो. माझी कुनी घ्येतली न्हाई."

"तुमचा काय दोष चाचा," एवढं म्हटलं आणि मलाच ते पोकळ वाटलं. इतकी वर्षं शेजारी राहिले मी. त्यांच्या घडीच्या खुर्चीला हसले. यांना घरात का यायचं नसतं, हे एकदा विचारलं असतं तर काय माझी शिलाई अडली असती?

बाळ वाचलं. आधी सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. दवाखान्यात ठेवावं लागलं, नळी लावावी लागली, ते बघून मी आणि पूनम किती रडलो ते आमचं आम्हाला ठाऊक. चाचा रोज लोकलने तळेगावला यायचे, बाहेरच्या फाटकाशी उभे राहायचे आणि आम्ही बाहेर आलो की एवढंच विचारायचे, "दूध घेतलं?" ज्या दिवशी मी "घेतलं" म्हटलं, त्या दिवशी ते फाटकाच्या वॉचमनशेजारी मटकन खाली बसले.

चाचांची गोष्ट मी पूनमला सांगितली.

बारसं पुढे गेलेलं, ते महिन्याने केलं. चाळीच्या तोंडाशी खुर्ची, खोकं, सोंगट्या, सगळं पूर्ववत. वन्सं आल्या. चाचांच्या समोर उभ्या राहिल्या आणि कुणी न सांगता जोरात नाक ओढून दाखवलं. कोरडं होतं. चाचांनी त्यांना सोंगटी दिली. झालं, मिटलं. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

पाळण्यात घातलं, कुर्र झालं, आत्याने आरोही नाव ठेवलं. घुगऱ्या वाटल्या. बाळ या हातातून त्या हातात फिरत होतं. चाचा बाहेर खुर्चीवर. मी हाक मारली, तर म्हणाले, "हितं बरं हाय. गेट सोडून कसं चालंल?"

पूनम बाळाला घेऊन उंबऱ्यापाशी गेली. चाचा उठले आणि दोन पावलं मागे सरकले.

"चाचा, घ्या ना."

"नगं पोरी. माझी झडती न्हाई झाली."

मी घुगऱ्यांचं ताट वन्संच्या हातात दिलं आणि पदर खोचला. "उभे राहा," म्हटलं. "हात वर करा. माचिस?"

चाचा माझ्याकडे बघतच राहिले.

"माचिस? लायटर? मोबाईल?" मी त्यांचे खिसे तपासले. एका खिशात आल्याच्या वड्या निघाल्या, दुसऱ्यात लोकलचं तिकीट. दोन्ही खोक्यात टाकलं. "नाक ओढा." त्यांनी ओढलं. "खोका." खोकायला येईना त्यांना. मी कपाळाला हात लावून बघितला, गळ्याला लावून बघितला. गार होते. मग मोरीवर नेऊन साबण दिला. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, पुन्हा धुवायला लागले तेव्हा मी नळ बंद केला. खोक्यातून लाल राणी शोधून त्यांच्या हातावर ठेवली. "एकदम साफ आहे," म्हटलं. "जा आत."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा दगडूचाचा आमचा उंबरा ओलांडून आत आले. मशीनच्या स्टुलावर टेकले. पूनमने बाळ त्यांच्या हातांवर ठेवलं. "चाचा," ती म्हणाली, "धोंडीला नीट धरा."

त्यांनी धरलं. हात लांब करून, आणि मान पार दाराकडे वळवून. मला वाटलं डोळ्यांतलं पाणी लपवतायत. पण त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, चेहरा लाल होत चालला होता, आणि सदऱ्याखाली छाती हलत नव्हती.

"अहो चाचा!" मी ओरडले. "श्वास घ्या!"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

पूनम त्यांच्यापुढे खाली बसली. तिने त्यांचे लांब धरलेले हात हळूहळू दुमडून बाळाला त्यांच्या छातीशी नेलं. "घ्या हो चाचा," ती म्हणाली. "काही होत नाही तिला. आईने बघितलंय तुमचं सगळं."

चाचांनी आधी थोडासा श्वास घेतला, चोरून. मग मोठा. त्याचा हुंदका झाला, तो त्यांना आवरेना. आणि मग त्यांनी तोंड धोंडीकडे वळवलं.